सातवा बाण

एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी सव्वासातच्या सुमारास, मी टिटवीवर बाण सोडला. हे असं सरळ लिहायला मला सात महिने लागले. मैदानावर तेव्हा आम्ही चौघं होतो आणि बाकी तिघांना अजूनही वाटतं की माझा बाण नुसता चुकला. पुण्यातल्या सूस खिंडीच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी आमचं तिरंदाजीचं मैदान आहे. मैदान म्हणजे भाड्याने घेतलेली एक लांबट जागा, मागे मुरमाचा उंच बांध, बांधापुढे गवत दाबून बांधलेल्या चार गाद्या आणि त्यांवर पिवळ्या-लाल-निळ्या वर्तुळांचे कागद. उन्हं अजून बांधावरून खाली उतरली नव्हती. तीस मीटरच्या रेषेवर मी उभी होते. चौथा बाण दोरीला लावला, धनुष्य उचललं, ओढलं, हनुवटीखाली हात टेकवला. आणि माझ्या लक्ष्याच्या अलीकडे, सात-आठ पावलांवर, वाळलेल्या गवतातून एक टिटवी चालत आली. टिटवी चालते तशीच: चार पावलं तुरुतुरु, मग थबकायचं, मान ताठ, पुन्हा चार पावलं. "ताई, उतरवा," सर मागून म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. मला ऐकू आलं. ओढलेली दोरी बाण न सोडता हळूहळू परत न्यायची, एवढंच करायचं होतं. तेवढ्यात बाण सुटला. टिटवीच्या मागे हातभर अंतरावर गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. टिटवी किंचाळत उठली, कुठूनशी दुसरीही आली आणि दोघी आमच्या डोक्यांवरून घिरट्या घालायला लागल्या.

"कोलॅप्स झालं, ताई," सर म्हणाले. ते सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, साताऱ्याकडचे. मी त्यांना सर म्हणते आणि ते मला ताई. कोलॅप्स म्हणजे पूर्ण ओढ घेतल्यावर पाठीचा जोर सुटतो, पुढचा हात खाली बसतो आणि बाण लक्ष्याच्या खाली जातो. नवशिक्याचं रोज होतं, माझंही झालेलं आहे. मी मान हलवली. बाण शोधायला पुढे निघालो. असा गवतात घुसलेला बाण मुळांपाशी आडवा सरपटत जातो, वरून काहीच दिसत नाही, आकडीने गवत विंचरावं लागतं. पण दहा-बारा पावलं गेल्यावर सरांनी हात आडवा केला. "कुणी पुढे येऊ नका." मुरमाच्या उघड्या जागेत, भोवती बारीक खड्यांचं कडं करून, चार अंडी ठेवलेली होती. खड्यांच्याच रंगाची, वर काळे-तपकिरी डाग. दाखवल्यावरही मला ती पटकन दिसली नाहीत. बाण तिथेच सोडून आम्ही मागे आलो.

साइटचा लाल ठिपका टिटवीवर होता.

हे फक्त मला माहीत आहे. धनुष्यावर नेम धरायला एक छोटं कडं असतं, त्यात लाल ठिपका. तो मी पिवळ्या वर्तुळावर धरला होता, टिटवी आली, आणि ठिपका तिच्यामागून गेला. हात थकून खाली आला असता तर थरथरत, उभा खाली आला असता. हा सावकाश, आडवा गेला. ती थांबली तिथे थांबला. मग बोटं उघडली. ती मी उघडली की उघडली गेली, ते मला त्या रात्री कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही. रात्री भांडी आवरताना, दुसऱ्या दिवशी चांदणी चौकात सिग्नलला गाडी उभी असताना, ऑफिसात महिनाअखेरीचे आकडे जुळवताना, उजव्या हाताची तीन बोटं मी पुन:पुन्हा मिटून उघडून बघत होते.

तिरंदाजीशी माझा संबंध माझ्या मुलामुळे आला. गेल्या वर्षी मे महिन्याच्या शिबिरात त्याचं नाव घातलं. पहिल्याच दिवशी त्याने बाण न लावता धनुष्य ओढून दोरी सोडली आणि एवढे शांत सर त्याच्यावर ओरडले. बाण नसताना दोरी कधीच सोडायची नाही, हा इथला पहिला नियम. जी ताकद बाणाने घेऊन जायची ती धनुष्याच्याच अंगात घुसते, धनुष्याची लवणारी दोन पाती चिरतात, दोरी तुटून तोंडावर येऊ शकते. मुलगा दहा दिवसांत कंटाळला. मी मात्र कठड्यावर बसून रोज बघत होते, आणि अकराव्या दिवशी त्याच्याऐवजी मीच आत गेले. वय चव्वेचाळीस. सरांनी विचारलं, "ताई, खांदा दुखतो का?" म्हटलं, संगणकापुढे बसणाऱ्या कुणाचा दुखत नाही? त्यांनी हाताला रबराचा पट्टा दिला. तीन आठवडे मी आरशापुढे उभी राहून नुसता तो पट्टा ओढत होते. पाय खांद्याइतके फाकून, मान लक्ष्याकडे, पाठीची दोन पाती एकमेकींजवळ आणायची. हाताने ओढायचं नाही, पाठीने ओढायचं. हे ऐकायला सोपं आहे. आपल्या पाठीला काही सांगता येतं, हेच मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर बांबूचं धनुष्य आलं, आणि पाच पावलांवर एक कागद नसलेली गादी. वर्तुळ नाही, रंग नाही, चुकायचं कशाला हेच नाही. डोळे मिटून ओढा आणि सोडा, सर म्हणायचे, नेम नंतर. मला तेव्हा हे विचित्र वाटलं होतं. नेम धरायलाच तर आले होते. हळूहळू कळलं की डोळ्यांपुढे लक्ष्य आलं की अंग खोटं बोलायला लागतं. मान पुढे जाते, कोपर वाकतं, बाण कुठे लागला ते बघायला आपण तो सुटायच्या आधीच डोकावतो. पावसाळ्यात अठरा पाउंडाचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं रिकर्व्ह हातात आलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य. कोपर नीट बाहेर फिरवलं नाही की सुटणारी दोरी हाताच्या आतल्या बाजूला चाबकासारखी बसते. आर्मगार्ड, म्हणजे हातावर बांधायचा जाड पट्टा, असूनही त्याच्या वरच्या अंगाला माझ्या दंडापर्यंत काळानिळा पट्टा उमटला होता. श्रावणात एका हळदीकुंकवाला वाण घ्यायला हात पुढे केला, तर एक बाई माझा हात धरून बाजूला घेऊन गेल्या आणि हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी सांगितलं काय ते. त्यांचा विश्वास बसला नाही. बराच वेळ माझा हात त्यांच्या हातात होता. त्या हाताची ऊब मला अजून आठवते.

एकदा सरांनी माझा बाण फोनवर स्लो मोशनमध्ये टिपून दाखवला. मला वाटत होतं बाण दोरीवरून निघतो तो रेघ मारल्यासारखा सरळ. तसं काही नसतं. दोरीचा धक्का बसतो तसा तो धनुष्याला वळसा घालून मधोमध वाकतो, मग उलटा वाकतो, पुन्हा सुलटा, पाण्यातल्या माशासारखा अंग हलवत जातो आणि काही मीटर गेल्यावर कुठे स्थिर होतो. म्हणून बाणाची लवचीकता धनुष्याच्या ताकदीशी जुळवून घ्यावी लागते. फार ताठ बाण एका बाजूला पडतो, फार लवणारा दुसऱ्या. अठरा मीटर जायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो एवढं सगळं करतो. ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल, मोजलेलं नाही.

आमच्या मैदानावरची शाळकरी मुलं आदिती स्वामीचं नाव घरातल्या मोठ्या बहिणीचं घ्यावं तसं घेतात. २०२३ साली बर्लिनला ती जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण मारले. टोकियो ऑलिंपिकला गेलेला प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. त्या ऑलिंपिकच्या आधी देशाच्या तिरंदाजांचं शिबिर इथेच, पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये होतं. ही माणसं सत्तर मीटरवरून, पन्नास मीटरवरून मारतात. ऑलिंपिकच्या लक्ष्यावर मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास सव्वाबारा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीहून थोडा मोठा. स्पर्धेतल्या पहिल्या फेरीत बहात्तर बाण. माझं धनुष्य आता चोवीस पाउंडाचं आहे. बहात्तरदा ओढलं तर पाऊण टनाहून जास्त वजन माझ्या पाठीने ओढलेलं असतं. हा हिशोब मी ऑफिसात बसून केला आणि त्या दिवशी खूप दिवसांनी ताठ बसले.

पण खरं सांगायचं तर मला धरून ठेवलं ते बाण सुटण्याने. रिकर्व्ह पूर्ण ओढल्यावर दर क्षणाला जड होत जातं. श्वास अडतो, पाठ जळते, ठिपका थरथरतो, आणि मग बोटं उघडतात. टप्प! गादीत बाण शिरल्याचा आवाज येईपर्यंत अंगात काहीच उरलेलं नसतं. दिवसभराचं सगळं, बोललेलं आणि न बोललेलं, त्या बाणाबरोबर निघून गेल्यासारखं वाटतं. त्यासाठी मी पहाटे साडेपाचला उठते.

आणि हे सुख मला नवीन नव्हतं. आमचं आजोळ वेल्ह्याकडचं. भाताचं खाचर, वर डोंगर, आणि भादव्यात भात पोटरीला आलं की रानडुकरांचा त्रास. राखणीला कातकरवाडीतला एक म्हातारा असायचा. आम्ही मुलं त्याला बाबा म्हणायचो. खाचराच्या कडेला चार खांबांवर माळा बांधलेला, त्यावर घोंगडं, पत्र्याचा डबा वाजवायला, आणि उशाशी तीरकमठा. त्याच्या कमठ्याला बांबूच्याच सालीची दोरी होती. तिला त्याने काहीतरी चोळलेलं असायचं, त्याचा वास माझ्या नाकात आहे पण नाव माहीत नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका संध्याकाळी मी माळ्यावर त्याच्या शेजारी बसले होते. बांधावर ससा आला. बाबाने माझ्याकडे न बघता माझ्या तोंडावर हात ठेवला, मग तो हात काढून दोरीला लावला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ससा खाली मान घालून खात होता, मान वर करत होता, पुन्हा खात होता. "टप्प्यात येऊ दे," बाबा ओठांतल्या ओठांत म्हणाला. मला आठवतंय, मी मनात ओरडत होते, सोड, सोड, सोड. त्याने सोडला. ससा एकदाच वर उडाला.

मी टाळ्या वाजवल्या होत्या.

बाबाने ओहोळावर बाण धुतला, थुंकी लावून पिसं सारखी केली. काळजाचा एक तुकडा पळसाच्या पानावर ठेवून बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे ठेवला, आणि मग चूल पेटवली. ते मटण मी मिटक्या मारत खाल्लं. घरी आजीला कळलं तेव्हा तिने मला मागच्या दारी उभं करून डोक्यावरून अंघोळ घातली, पण रागावली नाही. वन्यजीव संरक्षण कायदा येऊन तेव्हा चौदा-पंधरा वर्षं झाली होती. १९७२ नंतर परवान्याशिवाय सशालाही हात लावायचा नाही, हे ना बाबाला माहीत होतं ना आम्हाला. आज पिकात घुसणाऱ्या रानडुकरालासुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. त्याच खाचरात मामेभावाचे चुलते रात्रभर फटाके वाजवत जागे असतात आणि सकाळी लोळवलेलं भात बघतात. मला त्यांच्या बाजूने वाटतं आणि डुकराच्याही. मैदानावर नवीन आलेला एखादा मुलगा महिन्याभरात हमखास विचारतो, "सर, याने शिकार करता येते का?" सर दरवेळी एकच सांगतात, आपल्या देशात नाही, आणि आपल्या मैदानावर तर शब्दही काढायचा नाही. मी आजवर हे ऐकून मान हलवत आले होते.

टिटवीनंतर चार-पाच दिवसांनी मी मामेभावाला फोन लावला. तो मिशिगनमध्ये असतो, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि तिकडे दर हिवाळ्याआधी धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीला जातो. तिथे त्याला परवानगी आहे, त्याचं लायसन आहे, त्याआधीचा सुरक्षेचा अभ्यासक्रम आहे. हे आमच्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. मामीला सांगू नकोस, एवढं त्याने बजावलेलं. मी त्याला सगळं सांगितलं, ठिपक्यासकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तू किती वेळ धरून होतीस?" मी म्हटलं, सात-आठ सेकंद. "माझ्या धनुष्यात चाकं आहेत. पूर्ण ओढलं की साठ पाउंडाचं वजन बारावर येतं. मी मिनिटभर धरू शकतो. तरी पहिल्या वर्षी एकदाही सोडला नाही." एक ऑक्टोबरला त्यांचा हंगाम सुरू होतो आणि चौदा नोव्हेंबरपर्यंत चालतो. पहाटे अंधारात झाडावर पंधरा-अठरा फूट चढायचं, पट्ट्याने स्वतःला खोडाला बांधून घ्यायचं, वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर त्या दिवशी तिथे बसायचंच नाही. कपडे वास नसलेल्या साबणाने धुवायचे. आणि घरामागे वर्षभर कागदी ताटलीवर सराव. ज्या अंतरावरून सगळे बाण ताटलीतच लागतात ते आपलं अंतर. ताटली एवढ्यासाठी की हरणाचं काळीज आणि फुप्फुसं साधारण तेवढ्याच जागेत असतात. त्याचं अंतर वीस यार्ड. एकविसाव्या यार्डावरचं हरीण त्याच्यापुरतं नसतंच.

"मग दुसऱ्या वर्षी काय झालं?" मी विचारलं. त्याचा आवाज बदलला. मादी होती, अठ्ठावीस यार्डांवर. सहा आठवडे बसून बसून संपत आले होते. "मला वाटलं जमेल." बाण सुटल्याचा आवाज बाणाच्या आधी पोचतो. आवाज सेकंदाला अकराशे फुटांहून जास्त, बाण अडीचशे-तीनशे. त्या मधल्या सेकंदाच्या चौथ्या हिश्श्यात हरीण पळायला म्हणून खाली दबतं आणि बाण वरून जातो किंवा भलतीकडे लागतो. तिला मागे लागला, पोटात. बाण सापडला तेव्हा त्यावर हिरवट काहीतरी होतं. लाल फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस, अर्ध्या तासाने माग काढायचा. हिरवं असेल तर पोट, आणि मग आठ-दहा तास जागेवरून हलायचंच नाही. पाठलाग केला तर ती धावते, मैलोन् मैल जाते, कुठेतरी एकटी मरते. सोडून दिलं तर जवळच बसते. "म्हणून मी घरी आलो. जेवलो नाही. रात्री अकराला पाऊस सुरू झाला." सकाळी त्याने आणि त्याच्या शेजाऱ्याने ओल्या पानांत दुपारपर्यंत शोधलं. रक्त धुऊन गेलं होतं. ती सापडली नाही. "त्यानंतर दोन वर्षं धनुष्याला हात लावला नाही. मग पुन्हा गेलो. का गेलो ते तुला सांगता येणार नाही, ताई. पण आता जातो तेव्हा सोडण्यापेक्षा उतरवण्याची संख्या जास्त असते. आणि आमचं उतरवणं सोपं नसतं, चाकं पुढे हिसका देतात, खांदा निखळेल असं वाटतं." फ्रीजरमध्ये गेल्या मोसमाचं मांस आहे, तो म्हणाला, आपल्या काळ्या मसाल्यात करतो. मला एकाच वेळी त्या मादीसाठी गलबलून आलं आणि त्याच्या स्वयंपाकघरातला तो वास यावासा वाटला.

त्या रात्री मला आजीचे नेम आठवले. चातुर्मास लागला की ती काहीतरी नेम धरायची. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी दूध, एका वर्षी मौनाने जेवायची. आम्ही विचारायचो, "आजी, या वर्षी काय नेम धरलास?" बाबाही नेमच धरायचा, सशावर. माझ्या कानांवर दोन्ही नेम एकाच घरात पडले आणि ते एकच शब्द आहेत हे मला चव्वेचाळीस वर्षांत कधी जाणवलं नाही. आजीसमोर पंगतीत भरलं वांगं वाढलेलं असायचं, तिला ते जिवापाड आवडायचं, ती हाताने ताटाच्या कडेला सरकवून ठेवायची. तो हात मला स्पष्ट दिसतो. त्यात घाई नसायची, झटका नसायचा.

टिटव्यांमुळे सरांनी दोन गाद्या बांधाच्या दुसऱ्या टोकाला हलवल्या आणि खुणेला चार दगड ठेवून मधला तुकडा बंद केला. काही पालक कुरकुरले. फी पूर्ण आणि जागा अर्धी. सर म्हणाले, महिनाभर. मे महिना तापायला लागला तशी एक टिटवी आमच्या गळक्या नळाखालच्या डबक्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसायची. पाणी प्यायला गेलेली मुलं ती येताना दिसली की नळापासून बाजूला व्हायची, कुणी न सांगता. माझ्या आजोळी म्हणायचे, टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस मोठा. हिने सपाटीवर घातली होती. पंचविसाव्या की सव्विसाव्या दिवशी अंड्यांच्या जागी काही नव्हतं आणि गवताच्या कडेने काड्यांवर उभे केलेले कापसाचे तीन बोळे धावत होते. चौथ्याचं काय झालं कळलं नाही.

त्याच दिवसांत मी सरांना म्हटलं, मला उतरवायला शिकवा. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. काही विचारलं नाही. पुढच्या सकाळपासून नियम झाला: सहा बाणांतला एक उतरवायचा, कुठला ते ओढून झाल्यावर ते सांगणार. कधी दुसरा, कधी सहावा. मी ओढून, टेकवून, ठिपका पिवळ्यावर स्थिर करून उभी असते, आता सुटेल अशा टोकावर, आणि मागून आवाज येतो, "उतरवा." अंगातलं सगळं पुढे धावत असतं. ज्या पाठीने ओढलं तिनेच आता सैल व्हायचं नाही. दोरी ओढून न्यावी तशीच जपून परत आणायची, धनुष्याचं टोक जमिनीकडे, बोटं शेवटच्या इंचापर्यंत मिटलेली. पहिल्या आठवड्यात माझे तीन बाण त्या वाटेवरच सुटले आणि पुढ्यातल्या मातीत रुतले. उतरवल्यावर सुटका होत नाही. तो भार कुठे जात नाही, खांद्यातच राहतो, आणि तसाच घेऊन पुढचा बाण लावायचा असतो. पहिले काही दिवस मला त्याचा चक्क राग यायचा, डोळ्यांत पाणी यायचं. जुलैत कधीतरी लक्षात आलं की उतरवलेल्या बाणानंतरचा बाण बहुतेक वेळा बरा लागतो. का ते सरांनी सांगितलं, पाठीचं काहीतरी. मी नीट ऐकलं नाही.

पावसाळ्यात गवत कमरेइतकं वाढलं. दिवाळीनंतर जागामालकाने माणसं लावून ते कापून घेतलं. परवा सकाळी मी पोचले तेव्हा सर रेषेवरच उभे होते, हातात एक बाण. "ताई, हा तुमचा. नाव आहे." प्रत्येकाने आपल्या बाणावर आद्याक्षरं लिहायची असा नियम आहे, माझी काळ्या मार्करने लिहिलेली अक्षरं फिकी पडली होती, पण वाचता येत होती. नारिंगी पिसं पांढरट झाली होती, एक मुंग्यांनी की वाळवीने कडेने खाल्लेलं. नळी अॅल्युमिनियमची म्हणून टिकली, तिच्यावर मातीचे बारीक चट्टे. नळावर नेऊन मी तो धुतला. बाण वाकलाय का ते बघायची एक पद्धत आहे: डाव्या हाताच्या दोन नखांवर आडवा ठेवायचा आणि उजव्याने गिरकी द्यायची. वाकडा असला तर थडथडतो.

मी गिरकी दिली. तो सरळ फिरला, आवाज न करता, बराच वेळ.

पीस बदललं की मारता येईल, सर म्हणाले. मी रेषेवर जाऊन सहा बाण मारले, एक उतरवला. हा सातवा भात्यात बाजूच्या कप्प्यात ठेवला आहे. पीस अजून बदललेलं नाही.